खाली जड, वर हलकं



"जागाच नाही!" हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. तिघींची रूम, तीन कॉट, तीन बॅगा, बादल्या, ड्रॉइंग बोर्ड, घरून आलेले चिवड्याचे डबे आणि सेमिस्टर संपलं तरी टाकवत नाहीत अशी जर्नल्स. मग काय, सगळं कपाटावर! मीही तेच करायचे. आता करत नाही. का, ते सांगते आणि जागा कुठून काढायची तेही सांगते. (शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घाला.)

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या भागात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच वर्षी २१ मार्चलाही पहाटे दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले होते, त्यामुळे आवाज ओळखीचा होता. बारावी झालेली, मी अॅडमिशनची वाट बघत घरीच होते. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग भांडी वाजली आणि माळ्याच्या कडेला ठेवलेलं पितळेचं घंगाळ घसरून आज्जीच्या बाजेवर पडलं. बरोबर उशीवर! आज्जी दहा मिनिटांपूर्वीच उठून चुलीकडे गेली होती.

ती आत आली, उशीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हे वर कोणी ठेवलं होतं गं?"

ठेवलं मीच होतं. दिवाळीत घर आवरताना "बघा, किती जागा काढली" म्हणून शाबासकीपण घेतली होती.

आता थोडं फिजिक्स. सात फुटांवरून पडणारी वस्तू खाली येईपर्यंत ताशी सुमारे २३ किलोमीटरचा वेग घेते. वस्तू जड असो की हलकी, वेग जवळपास तोच, पण धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो. उशी पडली तर हसू येतं, घंगाळ पडलं तर डोकं फुटतं. दुसरी गोष्ट, कपाटावर वजन ठेवलं की त्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि थोड्या हलण्यानंही ते कलंडू शकतं. म्हणजे वस्तू कुठं मावते एवढंच बघून चालत नाही, ती पडली तर कोणावर पडेल हेही बघावं लागतं.

त्या दिवशी दुपारी आज्जीनं मला तिच्या माहेरच्या माळवदाच्या घराचा अख्खा नकाशा तोंडी सांगितला. अर्धे शब्द मला नवीन होते. ज्वारीसाठी बळद, म्हणजे जाड भिंतीतच बांधलेली कोठी. वरून भरायची, खालच्या भोकातून लागेल तेवढी ज्वारी काढायची आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबायचा. जास्तीचं धान्य पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात. मडक्यांची उतरंड, मोठं खाली आणि लहान वर. दिवा देवळीत, रोजच्या बारीकसारीक वस्तू कोनाड्यात, कपडे खुंटीला, दूध-दही शिंक्यावर. लक्षात आलं का? क्विंटलचं वजन जमिनीत आणि भिंतीच्या पायाशी, हातात मावेल तेवढंच वर. आणि कोनाड्यानं, खुंटीनं जमिनीची एक इंचही जागा अडत नाही.

पेवाचं सायन्स तर फारच भारी आहे. धान्यही श्वास घेतं. बंद पेवात ऑक्सिजन कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. पण त्याच कारणानं पेव उघडून लगेच उतरणारा माणूसही गुदमरून मरू शकतो. म्हणून पेव आधी उघडं ठेवायचे आणि पेटता दिवा खाली सोडून बघायचे. दिवा विझला तर कोणी उतरायचं नाही. आज्जीकडं ऑक्सिजन हा शब्द नव्हता, नियम मात्र होता.

पण "जुनं ते सोनं" म्हणून मोकळं होता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला, त्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर माळवदाचा मातीचा जड थर, हेच झोपेतल्या माणसांवर कोसळलं. सामानाच्या बाबतीत पाळलेला नियम छताच्या बाबतीत मोडला गेला होता. आज माळवदं कमी झाली, पण पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर आपण दगड ठेवतोच. २०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनानं हे दगड काढून घ्या असं आवाहन केलं होतं. दगडाऐवजी पत्रा हूक-बोल्टनं आवळलेला बरा.

मग जागा काढायची कुठून? घरी आणि रूमवर करून बघितलेले उपाय देते :

१) कॉटखाली. सहा बाय तीन फुटांची कॉट, खाली दीड फूट मोकळं, म्हणजे २७ घनफूट! पुस्तकं, धान्य, ट्रंक सगळं इथं. मात्र जास्त जागेसाठी कॉटच्या पायांखाली सुट्या विटा लावू नका, धक्क्यात त्या सरकतात.

२) दाराच्या मागं. खुंट्यांची एक पट्टी ठोका. ओढण्या, बॅगा, छत्री, एप्रन तिथं जातात.

३) एकात एक. रिकाम्या सुटकेसमध्ये स्वेटर-रजई भरा, मोठ्या डब्यात लहान डबे. आज्जीची उतरंड थोडी बदलून.

४) माळा आणि कपाटाची वरची बाजू. इथं फक्त गाद्या, उशा, रिकामी खोकी. माळ्याच्या कडेला चार-पाच इंचांची पट्टी ठोकली की वस्तू घसरत नाहीत.

५) उंच कपाट भिंतीला अँगल आणि स्क्रूनं पक्कं करा. जड सामान खालच्या कप्प्यात.

६) झोपायची जागा. उशीच्या बरोबर वर काहीही नको. जागा मिळत नसेल तर कॉट फिरवा, सामान नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड उपाय : टाकून द्या. मी फर्स्ट इयरची जर्नल्स ज्युनिअरला दिली, एक अख्खं खोकं मोकळं झालं.

आमच्या घरी ते घंगाळ आता बाजेखाली असतं, त्यात कांदे ठेवतो. सुट्टीत घरी गेले की आज्जी झोपण्याआधी एकदा वर बघते, मग माझ्याकडं. मी म्हणते, "काही नाही गं वर, झोप."

तुम्हीही आज रात्री लाईट घालवण्याआधी एकदा वर बघा.