निबंध शिकवायला शिकताना

किल अॅव्हेन्यूवरची आयएडीटी १९९७ साली सुरू झाली. आपल्या घरांतली मुले तिथे किंवा डब्लिनच्या विद्यापीठांत जातात, शिवाय पुण्या-मुंबईहून एम.एस्सी.ला येणारी मुले आहेतच. डून लेरीत ओळख झाली की महिन्याभरात त्यांची तक्रार ठरलेली: "ताई, एवढं लिहून दिलं, तरी सर विचारतात, यात तुझं काय?"

मंडळी, यात मुलांचा आळस नसतो. आपल्याकडे गाईडातली व्याख्या जशीच्या तशी उतरवली की पूर्ण गुण मिळतात. इथे तीच व्याख्या अवतरणचिन्हांवाचून, लेखकाचे नाव न देता आली की वाङ्मयचौर्य ठरते. विषय परत द्यावा लागतो, त्याची फी वेगळी. गावाकडे बापाने शैक्षणिक कर्ज काढलेले असते, हे सरांना कुठून कळणार?

मी इथल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला तासिका तत्त्वावर लेखन शिकवते. एम.ए.ला साहित्य शिकले, पण दुसऱ्याला लिहायला कसे शिकवायचे हे त्यात नव्हते. मला वाट दाखवली ती मिना शॉनेसी या अमेरिकन बाईंच्या १९७७च्या पुस्तकाने. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७०मध्ये प्रवेश खुले केल्यावर आलेल्या मुलांचे सुमारे ४,००० निबंध त्यांनी वाचले. चुकांमागेही काही तर्क असतो, तो शोधा, हे त्यांचे सांगणे. आपलेच पाहा ना! मराठीत 'द' आणि 'अ' नाहीत, म्हणून ते आपल्या इंग्रजीतून गळतात. हे एकदा समजावले की वीस ठिकाणी लाल शाई लागत नाही.

पीटर एल्बो यांनी १९७३मध्ये सुचवलेली दहा मिनिटे न थांबता लिहिण्याची युक्तीही मी वापरते. भित्र्या मुलांना ती फार उपयोगी पडते. बडबड्यांना मात्र आवरावे लागते!

सोलापूरकडच्या एका मुलाने घरभाड्यावरच्या निबंधात तीन परिच्छेद महागाईच्या व्याख्या लिहिल्या होत्या. म्हटले, "मराठीत सांग, तुला काय म्हणायचंय?" पाच मिनिटे तावातावाने बोलला. चौघांत एक खोली, अनामत किती, बसला किती वेळ लागतो. म्हटले, हेच आधी लिही, व्याख्या नंतर, आणि कुणाची तेही लिही. दुसरा खर्डा त्याचा स्वतःचा होता. इंग्रजी अजून कच्चे आहे, पण आता दुरुस्त करायला काहीतरी आहे.

लिमरिक आणि मेनूथ विद्यापीठांत यासाठी लेखन केंद्रे आहेत. तिथे निबंध दुरुस्त करून देत नाहीत, सोबत बसून प्रश्न विचारतात. आपल्या मुलाच्या कॉलेजात अशी सोय आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या जाहिराती मुलांच्या फोनवर येतात. आयर्लंडमध्ये २०१९च्या कायद्याने तो धंदा गुन्हा ठरला आहे, हेही घरात सांगून ठेवा.