गव्हाचं पथ्य आणि शेतातली पार्टी

पहूर-जामनेर पट्ट्यात शेतातली पार्टी म्हटली की थंडीत भरीत आणि रब्बीचा गहू घरात आला की वरण-बट्टी. वाघूरच्या काठचं एखादं शेत, बांधावरच्या कडुलिंबाची सावली, पेटलेल्या काड्या आणि तीस-चाळीस माणसांची पंगत. ज्याला गहू वर्ज्य आहे त्याने तिथे जावं की नाही? जरूर जावं. फक्त आधी थोडी तयारी करावी लागते.

आधी दुखणं समजून घेऊ. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला येणारा चिवटपणा त्याचाच. सीलिअॅक हा आजार असलेल्या माणसाच्या शरीराची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत टॉवेलच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. ते झिजले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मग जुलाब, पोटफुगी, औषधाला दाद न देणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली उंची. काहींना वरवर काहीच होत नाही, पण आतली झीज चालूच राहते.

गव्हाचा हा संबंध ओळखला डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि हा आजार असलेली मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना शंका आधीपासून होती, या काळाने ती पक्की झाली.

आपल्याला नुसता संशय असेल तर एक चूक टाळा. गहू आपल्या मनाने बंद करून मग तपासणीला जाऊ नका. रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींचा निकाल आपण गहू खात असतानाच भरवशाचा येतो. आधी डॉक्टर, मग पथ्य.

निदान झालं असेल तर पथ्य किती काटेकोर? एका पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आतलं ग्लुटेन सोसतं असं मानतात. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एकच. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य म्हणूनच इथे लागू पडत नाही. आणि ‘भाजलं की सगळं जळून जातं’ हेही खरं नाही. चुलीच्या, निखाऱ्याच्या किंवा उकळत्या तेलाच्या उष्णतेने अन्नातलं ग्लुटेन नाहीसं होत नाही.

आता पार्टीकडे. पार्टी ठरली की यजमानांना दोन दिवस आधी फोन करा. आयत्या वेळी चुलीपाशी उभं राहून सांगितलं तर त्यांचीही पंचाईत होते. ‘मला गहू चालत नाही’ एवढंच सांगून थांबू नका. ‘गव्हाचं पीठ लागलेला हात, परात आणि तेलही चालत नाही’ असं स्पष्ट सांगा.

आपल्या खान्देशचं एक भाग्य असं की कळण्याची भाकरी मुळातच बिनगव्हाची. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं हे पीठ. बाजरी, मका, नागली, तांदूळ, भगर, राजगिरा हेही चालतात. पण गोम धान्यात नाही, धान्य जिथून फिरून येतं तिथे आहे.

दादर ज्वारी आणि गहू दोन्ही रब्बीचे. बऱ्याचदा दोन्ही एकाच मळणी यंत्रातून निघतात, एकाच पोत्यात, एकाच मापाने येतात. दादर सुपात घेऊन उजेडात बघा. मोत्यासारख्या गोल दाण्यांत एखादा लांबट, मधे चीर असलेला दाणा हमखास सापडतो. तो गहू. म्हणून ज्वारी आधी निवडायची, मग धुऊन कडक वाळवायची.

यानंतर येते गिरणी, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. गिरणीच्या दगडांच्या टाक्यांत, पिठाच्या तोंडाला लावलेल्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. आपल्या आधी कुणाचा गहू दळला असेल तर आपल्या डब्यात पहिलं पीठ त्याचंच पडतं. ज्वारी-बाजरीची वेगळी चक्की असेल तर त्यातल्या त्यात बरं. आधी थोडा तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढलं तर धोका कमी होतो, संपत नाही. माझं स्पष्ट मत असं की घरात सीलिअॅकचा रुग्ण असेल तर घरघंटी किंवा जातं फक्त त्याच्या धान्यासाठी ठेवावं. बाकी शंभर गोष्टी सांभाळल्या आणि दळण सांभाळलं नाही, तर सगळं वाया जातं. बेसनालाही हाच नियम; सुटं बेसन घेऊ नका.

हिंगाकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. निव्वळ हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळतात. ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. वरणाच्या फोडणीत, मठ्ठ्यात, पापडात, तयार मसाल्यात हिंग असतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, त्यामुळे तो शिक्का पाहून घेतलेलं बरं.

प्रत्यक्ष भरीत निर्धोक असतं. कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. गडबड होते ती भरतासोबतच्या पुऱ्यांमुळे. कणीक मळणारे हातच वांगी सोलतात, किंवा पुऱ्या तळलेल्या तेलात मिरच्या नि शेंगदाणे तळून ते भरतात टाकतात. वांगी ठेचायची लाकडी बडगी धुतलेली आहे ना, तेही पाहा. भाकरी कणकेच्या परातीत थापू देऊ नका. लाकडी काठवट तर नकोच, पीठ तिच्या रेषांत मुरतं.

बट्टीचा बेत असेल तर ती सरळ सोडा. जाडसर दळलेल्या गव्हाशिवाय बट्टी नाही. मक्याच्या पिठाची उकड काढून गोळे भाजता येतात, पण ते ठिसूळ होतात, कारण धरून ठेवणारा चिवटपणा त्यात नसतो. भाजायचेच तर केळीच्या पानात गुंडाळून, वेगळ्या निखाऱ्यांवर. वरण मात्र पंगत बसण्याआधीच काढून घ्या. एकदा बट्टी कुस्करणं सुरू झालं की वाढप्याचा डाव पत्रावळींना लागत जातो आणि चुरा पातेल्यात उतरतो.

तळणात ज्वारीचे बिबडे चालतील, कुरडई नाही. ती गव्हाच्या चिकाची. दोन्ही एकाच कढईत तळले असतील तर बिबडेही नकोत. रस्सा दाट करायला काय घातलंय ते विचारा, आणि उत्तर नक्की मिळालं नाही तर रस्सा सोडा.

आपला डबा बरोबर न्याच. चार भाकऱ्या, चटणी, स्वतःचा चमचा. त्यात संकोच नको. आग्रह झाला तर ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ एवढं पुरतं. मूल शाळकरी असेल तर पार्टीतल्या एका मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, कारण बिस्कीट कुणीतरी प्रेमाने हातावर ठेवतंच.

एवढं करूनही चुकून पोटात गेलंच तर घाबरू नका. पाणी भरपूर प्या, आराम करा. जुलाब-उलट्या थांबल्या नाहीत, विशेषतः मुलाच्या, तर दवाखाना गाठा. पुढच्या वेळेसाठी नेमकं कुठून गेलं ते शोधा.

आणि पार्टी ठरवणाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे असा पाहुणा येणार असेल तर कळण्याच्या भाकऱ्या आणि भरीत आधी करून त्याचं ताट झाकून बाजूला ठेवा. कणीक त्यानंतर मळा आणि पुऱ्यांची कढई मग चढवा.