वेबपृष्ठाची चौकट कशी निवडावी?

संगणकविद्येकडे वळलेला विद्यार्थी हल्लीं आम्हांस पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा हा असतो : "सर, रिॲक्ट शिकूं, अँग्युलर शिकूं, कीं व्ह्यू?" प्रश्न वाजवी आहे, परंतु तो फार लौकर विचारला जातो, असें आमचें मत आहे. घर कोणासाठीं बांधावयाचें, तें किती खणांचें असावें, हें ठरण्याआधींच 'साग आणूं कीं शिसव?' म्हणून सुतारास विचारण्यासारखें तें आहे. ज्यांस इंग्रजींत फ्रेमवर्क म्हणतात त्यांस आम्ही या लेखांत चौकटी म्हणूं. त्या कां निर्माण झाल्या, आणि त्यांपैकीं एखादी पत्करतांना काय तोलून पाहावें, हें येथें यथामति सांगण्याचा विचार आहे.

कोणतेंहि वेबपृष्ठ तीन गोष्टींचें बनतें. एचटीएमएल हा त्यांतील मजकुराचा सांगाडा, सीएसएस हा त्याचा पोशाख, आणि जावास्क्रिप्ट ही त्याची हालचाल. यांपैकीं जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत रचली. त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून दिसतात, आणि नवशिक्यास त्या पुष्कळ छळतात. आरंभीं तिचें काम किरकोळ होतें : अर्जांतील एखादी जागा रिकामी राहिली तर सूचना द्यावी, चित्र पालटावें, इतकेंच. निरनिराळ्या कंपन्यांचे ब्राउझर तीच आज्ञा निरनिराळ्या रीतीनें पाळीत, ही मोठी अडचण होती. ती जॉन रेझिग यांच्या जेक्वेरीनें २००६ पासून बऱ्याच अंशीं दूर केली.

मग पुढें चौकटींची गरज कां पडली? हें समजण्यास आपल्या नाशिकचेंच उदाहरण घेऊं. २००३ च्या सिंहस्थांत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखीं पडले, ही गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या, सिंहस्थापूर्वीं मूळचे नाशिकचे व अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकारानें 'कुंभथॉन' नांवाचीं शिबिरें येथें भरलीं. त्या सुमारास नाशकांतील शाळकरी वयाच्या मुलांनीं पावलांच्या दाबावरून माणसें मोजणारी चटई तयार केली, आणि त्या सिंहस्थांत ती प्रत्यक्ष वाटेवर अंथरली गेली.

आतां अशी कल्पना करा कीं, अशा दहा चटयांवरून क्षणाक्षणाला आंकडे येत आहेत, आणि ते तुम्हांला एका पृष्ठावर दाखवावयाचे आहेत. रामकुंडाचा आंकडा यादींत दिसावा, नकाशावर दिसावा, माथ्यावरील एकूण बेरजेंत मिळावा, आणि त्यानें ठराविक मर्यादा ओलांडतांच तांबडी पट्टी उमटावी. आंकडा एकच, पण तो चार ठिकाणीं पोहोंचवावयाचा. नुसत्या जावास्क्रिप्टनें हें करतां येतें. पण प्रत्येक ठिकाणची दुरुस्ती तुम्हांस आठवणीनें लिहावी लागते. एक जागा विसरली कीं नकाशावर गर्दी दिसते आणि बेरजेंत ती दिसत नाहीं. बंदोबस्तावरील अधिकाऱ्यानें यांतील कोणतें खरें मानावें? चौकट ही विसर टाळते. 'माहिती अमुक असेल तर पृष्ठ तमुक दिसावें,' एवढें तुम्ही सांगावयाचें. माहिती बदलली कीं पृष्ठ कोठकोठें बदलावयाचें तें चौकट पाहते.

प्रत्येक चौकटीची हें करण्याची तऱ्हा वेगळी आहे. रिॲक्टची युक्ति खिळे जुळवून छापण्याचें जुनें काम ज्यानें पाहिलें किंवा ऐकलें असेल त्यास लौकर उमगेल. मजकूर बदलला म्हणून कोणी सगळी फर्मा मोडून नव्यानें जुळवीत नसे. जुनें व नवें मुद्रित शेजारीं ठेवून फरक पाहत, आणि तेवढेच खिळे उपसून दुसरे बसवीत. रिॲक्ट तेंच करते. ती पृष्ठाची एक मनांतल्या मनांत प्रत काढते, आधींच्या प्रतीशीं ताडून पाहते, आणि फरक असेल तेथेंच खऱ्या पृष्ठास हात लावते. फेसबुकमधील जॉर्डन वॉक यांची ही कृति २०१३ सालीं सर्वांस खुली झाली. मात्र रिॲक्ट फक्त दिसण्याचें काम करते. एका पृष्ठावरून दुसऱ्यावर जाणें, माहिती आणणें, अर्ज तपासणें यांसाठीं दुसरीं साधनें तुम्हींच वेंचून घ्यावयाचीं. अनुभवी माणसास हें स्वातंत्र्य वाटतें, नवशिक्यास जंजाळ.

गूगलच्या अँग्युलरमध्यें याउलट सारें सामान एकाच पेटींत येतें, आणि तें कसें वापरावें याचे दंडकहि ठरलेले असतात. शंभर माणसें एकाच कामावर असतील तर ही शिस्त उपकारक ठरते. तिघांचें काम असेल तर तिचा काच होतो. इव्हान यू यांची व्ह्यू (२०१४) या दोहोंच्या मध्यें बसते. कोणता आंकडा कोठें वापरला आहे याची ती खातेवही ठेवते, त्यामुळें बदल झाला कीं नेमकी तीच जागा तिला सांपडते. शिवाय जुन्या पृष्ठाच्या एखाद्या कोपऱ्यापुरतीहि ती बसवितां येते. रिच हॅरिस हे तेव्हां वृत्तपत्राच्या कचेरींत काम करीत होते. त्यांनीं २०१६ सालीं स्वेल्ट रचली. बातमीचें पृष्ठ वाचकाच्या हातांत हलकें पडावें लागतें, म्हणून हिशेबाचें बरेंच काम ती पृष्ठ पाठविण्यापूर्वींच, लिहिणाऱ्याच्या संगणकावर, उरकून घेते. ही कल्पना आम्हांस विशेष आवडते. याखेरीज लहानमोठ्या चौकटी पुष्कळ आहेत. त्यांचीं नांवें पाठ करण्यांत अर्थ नाहीं.

आतां खर्चाकडे वळूं, कारण निवडीचें मर्म तेथें आहे. चौकटीचा फायदा लिहिणाऱ्यास होतो, तिचें ओझें वाचणारा वाहतो. रिॲक्टचा मूळ भाग दाबून लहान केल्यावरहि चाळीस किलोबाइटांहून अधिक भरतो. त्याच धर्तीची प्रीॲक्ट तीन-चार किलोबाइटांत मावते. चाळीस किलोबाइट म्हणजे काय मोठेंसें, एक लहानसें छायाचित्रसुद्धां त्याहून जड असतें, असें कोणी म्हणेल. परंतु चित्र व जावास्क्रिप्ट यांचें वजन एकाच तराजूंत घालणें बरोबर नाहीं. चित्र उतरलें कीं तें दाखविलें, काम संपलें. जावास्क्रिप्ट उतरल्यावर ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, मग चालवावी लागते. आणि तें सारें वाचकाच्या हातांतील यंत्राच्या बुद्धीवर अवलंबून असतें. कॉलेज रोडवरील महागड्या फोनवर जें निमिषांत होतें, तें सुरगाणें किंवा पेठ तालुक्यांतील पाड्यावरच्या जुन्या, स्वस्त फोनवर कित्येक सेकंद घेतें. शिवाय कोणी नुसती चौकट पाठवीत नाहीं. तिच्या मागोमाग दिनदर्शिका, आलेख, चिन्हसंग्रह अशीं उसनीं साधनें येतात, आणि पाहतां पाहतां चाळिसाचे चारशें होतात.

हें कळल्यावर दोन पृष्ठांची तुलना करूं. पहिलें पृष्ठ लासलगांवच्या बाजारांतील कांद्याचा भाव सांगणारें आहे असें धरा. किमान, कमाल व सरासरी, असे तीन आंकडे, आणि आवक किती झाली तें. तें पाहणारा शेतकरी ट्रॅक्टर भरून रस्त्यावर उभा आहे, आणि आज माल न्यावा कीं थांबावें हें त्यास ठरवावयाचें आहे. लिलाव चालूं असतां आंकडे कांहीं वेळा बदलतील, पण पाहणारा कांहींच लिहीत नाहीं, नुसतें वाचतो. अशा पृष्ठास कोणतीच चौकट नको. सर्व्हरनें साधें एचटीएमएल तयार करून पाठवावें. मंद जाळ्यावरहि तें झटकन उघडेल. दुसरें पृष्ठ वर सांगितलेलें गर्दीच्या आंकड्यांचें. तें नियंत्रण कक्षांतील मोठ्या पडद्यावर दिवसभर उघडें राहणार, संगणक चांगला, जाळें चांगलें, आणि आंकडे सारखे हलणारे. तेथें चौकट अवश्य घ्यावी. दोन्ही पृष्ठें एकाच चौकटींत करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांस ती चौकट येत होती, एवढेंच त्याचें कारण होतें.

या दोन टोकांच्या मध्यें अवघड प्रकरणें येतात. २०२७ सालीं गोदाकांठीं सिंहस्थाचीं पर्वस्नानें आहेत. हरवलेल्या माणसांची नोंद व शोध यांचें एक पृष्ठ करावयाचें झालें तर? येथें नोंद घेणारा स्वयंसेवक फोनवर लिहिणार, शोधणारा भेदरलेला नातेवाईक दुसऱ्या गांवचा असणार, आणि लाखो फोन एकाच जाळ्यावर लोंबकळत असल्यामुळें तें जाळें अडखळत असणार. आमच्या मतें शोधाचें पान सर्व्हरवरूनच पूर्ण तयार होऊन यावें, आणि नोंदीच्या अर्जापुरती एखादी हलकी चौकट वापरावी. पृष्ठ सर्व्हरवर रचून मागाहून त्यांत चौकटीचा जीव ओतण्याची सोय नेक्स्ट, नक्स्ट इत्यादि साधनांत आहे, हें खरें; पण त्यांत एक मेख आहे. पृष्ठ डोळ्यांस दिसूं लागतें आणि तें बोटास उत्तर देऊं लागतें, या दोहोंमध्यें अंतर पडतें. आई आपल्या मुलाचें नांव लिहून 'शोधा' हें बटन दाबते, आणि कांहींच होत नाहीं. ती पुन्हां दाबते, पुन्हां दाबते. साध्या अर्जाचें बटन मात्र जावास्क्रिप्ट पोहोंचली नसली तरीहि काम देतें.

मराठीपुरती एक गोष्ट जातां जातां सांगून ठेवतों. देवनागरींतील प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ या पद्धतींत तीन बाइट घेतें. 'नाशिक' हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतों. संगणकाच्या लेखीं त्यांत काना व वेलांटी धरून पांच चिन्हें, म्हणजे १५ बाइट होतात. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ती पांच म्हणून सांगते. नांव आंखूड करण्यासाठीं मध्येंच तोडलें तर वेलांटी एकीकडे व अक्षर दुसरीकडे अशी फजिती होते. कोणतीहि चौकट यांतून तुम्हांस आपोआप सोडवीत नाहीं. त्यासाठीं भाषाच यावी लागते.

दुसरा खर्च काळाचा. गूगलनें २०१० सालीं अँग्युलर-जेएस काढली. तिच्यावर जगभर मोठमोठीं कामें उभीं राहिलीं. २०१६ सालीं त्याच नांवाची नवी चौकट आली, आणि जुने कार्यक्रम तींत जसेच्या तसे चालेनात. २०२१ च्या अखेरीस जुनीचा सांभाळहि थांबला. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ ३१ डिसेंबर २०२३ रोजीं संपला. रिॲक्टची गोष्ट आणखी निराळी : तिच्या परवान्यांतील पेटंटविषयक कलमावरून २०१७ सालीं मोठा वाद झाला, अपाची फाउंडेशननें आपल्या कामांत ती वर्ज्य ठरविली, आणि मग फेसबुकनें परवाना बदलून एमआयटी परवाना स्वीकारला. तेव्हां चौकट घेतांना तिचा धनी कोण, परवाना कोणता, आणि पांच वर्षांनीं हें काम कोण सांभाळणार, हे प्रश्न वेगाच्या आंकड्यांहून महत्त्वाचे समजावे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पृष्ठाच्या बाबतींत शेवटच्या प्रश्नाचें उत्तर बहुधा 'कोणी नाहीं' असें येतें, आणि तसें आलें कीं चौकट जितकी कमी तितकें बरें.

मुंबईच्या फ्रॅपे या संस्थेचें वर्तन या बाबतींत अभ्यासण्यासारखें आहे. रुशभ मेहता यांनीं स्थापिलेली ही मंडळी ईआरपीनेक्स्ट ही व्यापारधंद्याच्या कारभाराची खुली प्रणाली चालवितात. तिची जुनी बाजू जेक्वेरी व स्वतःची रचना यांवर उभी राहिली. पुढें नवीं साधनें रचतांना त्यांनीं व्ह्यू पत्करली. परंतु म्हणून जुनें सारें एका रात्रींत मोडलें नाहीं. आणि 'फ्रॅपे चार्ट्स' हें आलेख काढण्याचें साधन तर त्यांनीं कोणत्याहि चौकटीवर न टेकवितां नुसत्या जावास्क्रिप्टमध्यें लिहिलें, म्हणजे ज्याची चौकट कोणतीहि असो, त्यास तें वापरतां यावें. हा सारा संकेत गिटहबवर खुला आहे. ज्यास इंग्रजी वाचतां येतें अशा दहावीच्या विद्यार्थ्यास तो उघडून पाहण्यास कांहींच हरकत नाहीं. एका मोठ्या कामांत कोणती चौकट कोठें व कां आली, हें शिकण्यास याहून चांगला पाठ आम्हांस सुचत नाहीं.

नोकरीचा प्रश्न टाळून चालणार नाहीं. पुण्यामुंबईच्या कंपन्यांत रिॲक्ट जाणणाराची मागणी अधिक असते, आणि ज्याच्या घरीं मिळकतीची निकड आहे त्यानें ती आधीं शिकावी, यांत गैर कांहीं नाहीं. मात्र तिच्यापूर्वीं सहा महिने निव्वळ जावास्क्रिप्टला द्यावे. ज्यास भाषा येते त्यास दुसरी चौकट कांहीं आठवड्यांत साधते. ज्यास फक्त चौकट येते, त्याची विद्या ती चौकट मावळतांच अडचणींत येते.

सुटींत एवढें करून पाहा. वर सांगितलेलें भावाचें पृष्ठ प्रथम चौकटीशिवाय लिहा, मग तेंच रिॲक्टमध्यें किंवा व्ह्यूमध्यें लिहा. घरांतील सर्वांत जुना फोन घ्या, बुधवारच्या बाजारीं गोदाघाटावर गर्दी असतां जाऊन उभे राहा, आणि दोन्ही पृष्ठें आळीपाळीनें उघडा. प्रत्येकास किती सेकंद लागले तें वहींत मांडा, आणि ती वही शाळा उघडेल तेव्हां आम्हांस आणून दाखवा.