माकुलाचा डोळा, बांगड्याचा डोळा

मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना टोपल्यांतले डोळे बघावेत. बांगडे, सुरमई टक लावून बघतात. शेजारची माकुलंही तशाच गोल, काळ्याभोर डोळ्यांनी बघत असतात. पण माकूल मासाच नव्हे. ते तिसऱ्या-कालवांच्या कुळातलं. नात्यानं पाहिलं तर बांगड्याला माकुलापेक्षा आपण जवळचे! बांगडा आणि माकूल यांचा सामाईक पूर्वज 50 कोटी वर्षांहून जुना, आणि त्याच्याकडे फार तर उजेड-अंधार ओळखणारे ठिपके असावेत. डोळा घडवायला लावणारा पॅक्स-6 हा जनुक दोघांना त्याच्याकडूनच मिळाला. भिंग, बाहुली, पडदा हा सगळा कॅमेरा मात्र दोघांनी आपापला घडवला.

तरी तो इतका सारखा कसा? कारण पाण्यात प्रकाशाचे नियम दोघांना एकच. हवेत प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम डोळ्याचं पुढचं पारदर्शक आवरण करतं. पाण्यात त्याचा जोर संपतो. बुडी मारून डोळे उघडले की आपल्याला धूसर दिसतं ते म्हणूनच. मग सगळा भार भिंगावर येतो आणि ते पुरतं गोल लागतं. कालवणातल्या माशाच्या डोळ्यातून निघणारा पांढरा मणी तो हाच. पण सगळीकडे सारख्याच दाटीचा गोळा प्रतिमा विस्कटतो. म्हणून भिंग मध्ये दाट, कडेला विरळ. माशाच्या भिंगाचा दाखला देत भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं 1854 साली अशा भिंगाचं गणित मांडलं होतं. बांगडा आणि माकूल दोघांनी तोच उपाय काढला. जवळचं-लांबचं बघतानाही दोघं भिंग पुढंमागं सरकवतात, आपल्यासारखा त्याचा आकार बदलत नाहीत.

मालमसाला मात्र निराळा. माकुलाचं भिंग दोन तुकडे जोडून झालेलं, आणि त्याचं प्रथिन मुळात शरीरातली विषारी द्रव्यं निकामी करणाऱ्या एन्झाइमचं बदललेलं रूप. घरात होतं ते वापरलं!

मला सगळ्यात नवल वाटतं ते पडद्याचं. माशाचा पडदा मेंदूतून फुटलेला, त्याचे मज्जातंतू प्रकाशाच्या वाटेतच पसरलेले. ते जिथून बाहेर पडतात तिथं आंधळा ठिपका उरतो. आपल्याही डोळ्यात तो आहे. माकुलाचा पडदा त्वचेतून घडतो, तंतू मागच्या मागे निघतात, ठिपका उरतच नाही. रंग मात्र बहुतेक माकुलांना ओळखता येत नाहीत.