खापर कोणाच्या डोक्यावर?

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ हरला की पहिले बोट क्वार्टरबॅककडे वळते, दुसरे प्रशिक्षकाकडे. आणि शेवटची चूक ज्याच्या हातून घडते, त्याच्या कपाळी तर जन्मभराचा शिक्का बसतो. पण एका पराभवात खरोखर किती जणांचा वाटा असतो? बफेलो शहराच्या सलग चार पराभवांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

२७ जानेवारी १९९१. फ्लोरिडातील टॅम्पा शहराचे स्टेडियम खचाखच भरलेले. आखाती युद्ध सुरू असल्याने कडेकोट बंदोबस्त. अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, म्हणजे 'सुपर बोल', अखेरच्या क्षणांवर येऊन ठेपलेला. धावफलकावर न्यूयॉर्क जायंट्स २०, बफेलो बिल्स १९. घड्याळात उरलेले सेकंद फक्त आठ.

बफेलोचा किकर स्कॉट नॉरवुड मैदानात आला. ४७ यार्डांवरून त्याने चेंडू लाथाडायचा आणि तो समोरच्या दोन खांबांमधून गेला की तीन गुण. म्हणजेच विजय! दोन्ही संघांचे काही खेळाडू गुडघे टेकून प्रार्थना करत होते. नॉरवुडने पाय मारला. चेंडू उंच गेला, अंतरही कापले. पण उजव्या खांबाच्या बाहेरून निघून गेला.

बस्स! त्या क्षणापासून त्या सामन्याची ओळख एवढीच उरली. नॉरवुड चुकला आणि बफेलो हरले. पण खरोखर एवढेच घडले होते का?

सारा भार एकावर

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि शंभर यार्डांच्या मैदानात प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत पोहोचायचे. एका वेळी अकरा विरुद्ध अकरा खेळतात. पण आक्रमण करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि चेंडूला लाथ मारायला येणारे आणखी वेगळे.

या साऱ्यांच्या मध्यभागी असतो क्वार्टरबॅक. आक्रमणाची प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. पुढ्यातले पाच धिप्पाड गडी प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते, की चेंडू कुणाकडे फेकायचा. मान त्याचा, पैसा त्याचा, जाहिराती त्याच्या. साहजिकच पराभवाचा पहिला धनीही तोच!

हिशेबाची वहीसुद्धा तसेच लिहिते. विजय आणि पराजय खेळाडूच्या नावावर मांडायचे झाले तर ते क्वार्टरबॅकच्या नावावर मांडले जातात. त्याने अचूक फेकलेला चेंडू सहकाऱ्याच्या तळहातावर आपटून उडाला आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला, तरी चूक जमा होते क्वार्टरबॅकच्याच खाती. पुढच्या पाचांपैकी एखाद्याचा पाय घसरला आणि क्वार्टरबॅक आडवा झाला, तर प्रेक्षकांना दिसतो तो मातीत लोळणारा क्वार्टरबॅक. ज्याचा पाय घसरला त्याचे नावही कुणाला ठाऊक नसते.

शिवाय चाल बहुधा त्याने ठरवलेलीही नसते. ती ठरवतात प्रशिक्षक. १९९४पासून तर क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली आणि प्रशिक्षकाचा आवाज थेट त्याच्या कानात पोहोचू लागला. चाल एकाची, अडवणारे पाच, झेलणारा आणखी कुणी. पण नाव मात्र एकाचेच.

एका सामन्याचा ताळेबंद

आता टॅम्पाच्या त्या सामन्याची वही जरा उलगडून पाहू.

सामना साठ मिनिटांचा. त्यातली ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सच्या ताब्यात होता. बफेलोचे आक्रमण त्या मोसमात वाऱ्यासारखे धावत होते. मागच्याच आठवड्यात त्यांनी लॉस एंजेलिस रेडर्सचा ५१-३ असा धुव्वा उडवला होता. क्वार्टरबॅक जिम केली बऱ्याच चाली स्वतःच मैदानात पुकारत असे. पण ज्याच्या हाती चेंडूच येत नाही, तो काय करणार?

जायंट्सच्या बचावाची आखणी करणारे बिल बेलिचिक यांनी वेगळाच डाव टाकला. बफेलोने चेंडू घेऊन धावावे, त्याला हरकत नाही. पण केलीच्या लांब फेकींना वाट द्यायची नाही. बफेलोच्या धावपटूने, म्हणजे थर्मन थॉमसने, मैदान गाजवले खरे, पण केलीच्या लांब फेकींची धार बोथट झाली. या डावावर बफेलोच्या प्रशिक्षकांना वेळेत पुरेसा उतारा सापडला नाही. हा वाटा त्यांचा.

तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला जायंट्सने साडेनऊ मिनिटे चेंडू सोडलाच नाही. त्या चढाईत एकदा त्यांना १३ यार्ड हवे होते. मार्क इन्ग्रमने चेंडू झेलला तेव्हा तो हव्या त्या रेषेच्या बराच अलीकडे होता. बफेलोचे गडी एकामागून एक त्याच्या अंगावर गेले आणि एकामागून एक निसटले. इन्ग्रमने १४ यार्ड मिळवले आणि पुढे त्याच चढाईतून जायंट्सनी टचडाऊन केला. हा वाटा बचावफळीचा.

त्याआधी बफेलोच्या ब्रूस स्मिथने जायंट्सचा क्वार्टरबॅक जेफ हॉस्टेटलर याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात गाठून मनगट पकडले होते. चेंडू सुटला असता तर टचडाऊनच झाला असता. हॉस्टेटलरने तो सोडला नाही. बफेलोला सहाऐवजी दोनच गुण मिळाले. इथे चूक कुणाचीच नाही. प्रतिस्पर्धीही खेळायलाच आलेला असतो, हे हरणारे नेहमी विसरतात.

आणि शेवटी ते ४७ यार्ड. केलीने अखेरच्या दोन-सव्वादोन मिनिटांत संघाला आपल्या टोकाजवळून प्रतिस्पर्ध्याच्या २९ यार्डांपर्यंत आणले. आणखी पाच-सात यार्ड पुढे सरकता आले असते, तर नॉरवुडचे काम किती सोपे झाले असते! गवताच्या मैदानावर एवढ्या लांबून अचूक लाथ मारणे हा त्या काळी कुठल्याही किकरच्या हातचा मळ नव्हता.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे झाले. फांदी साठ मिनिटे चरचरत होती. नॉरवुड शेवटी बसला, एवढेच.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात चेतन शर्माच्या अखेरच्या चेंडूवर जावेद मियाँदादने ठोकलेला षटकार घराघरांत लक्षात आहे. त्याआधीच्या षटकांत कुणी किती धावा दिल्या, हे कितीजण सांगू शकतील? आणि त्याच चेतन शर्माने पुढच्याच वर्षी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषक स्पर्धेतली पहिलीवहिली हॅट्ट्रिक घेतली, याची आठवण किती जणांना आहे?

चार पराभव, चार आरोपी

बफेलोची कहाणी तिथे संपली नाही. पुढची तीन वर्षे हा संघ पुन्हा पुन्हा सुपर बोलमध्ये पोहोचला. सलग चार वेळा तिथवर जाणे दुसऱ्या कुठल्याही संघाला जमलेले नाही. आणि चारही वेळा तो हरला.

१९९२च्या जानेवारीत वॉशिंग्टनने त्यांना ३७-२४ असे हरवले. केलीचे चार चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. थर्मन थॉमसला तर सुरुवातीला आपले शिरस्त्राणच सापडेना आणि पहिल्या चालींना तो बाहेरच राहिला. १९९३मध्ये डॅलसने ५२-१७ अशी दाणादाण उडवली. केली दुखापतीने मध्येच बाहेर गेला आणि सबंध संघाने मिळून नऊ वेळा चेंडू गमावला. १९९४मध्ये मध्यंतराला बफेलो १३-६ असे पुढे होते. मध्यंतरानंतर थॉमसच्या हातून चेंडू सुटला, डॅलसच्या जेम्स वॉशिंग्टनने तो उचलून टचडाऊन केला आणि सामना ३०-१३ असा निसटला.

पहिल्या वेळी आरोपी किकर, दुसऱ्या वेळी क्वार्टरबॅक, तिसऱ्या वेळी सगळेच, चौथ्या वेळी धावपटू. चारही वेळा प्रशिक्षक होते मार्व्ह लेव्ही. एकाच माणसामुळे संघ हरतो हे खरे मानले, तर दरवर्षी तो एक माणूस बदलत कसा गेला?

भांडणारा संघ

विशेष म्हणजे याच संघाने दोषारोपांची चव आधी चाखली होती. १९८९च्या मोसमात एका सामन्यात केलीचा खांदा दुखावला. त्याला वाचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्या हॉवर्ड बॅलर्ड या सहकाऱ्यावर केलीने जाहीरपणे ठपका ठेवला. बातम्या झाल्या, मने दुखावली. त्याच काळात दोन सहायक प्रशिक्षक सामन्याचे चित्रीकरण पाहता पाहता हातघाईवर आले! वृत्तपत्रांनी संघाचे नावच 'भांडखोर बिल्स' ठेवले.

केलीच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. बॅलर्ड चुकलाही असेल. पण चूक दाखवण्याची जागा असते बंद खोली, जिथे प्रत्येक संघ सामन्यानंतर आपल्या चाली पुन्हा पडद्यावर पाहतो. तिथे प्रत्येकाच्या पावलाचा हिशेब होतो आणि तो व्हायलाच हवा. चारचौघांत केलेला तोच हिशेब मात्र माणसे तोडतो.

दोष वाटून घेणे म्हणजे दोष झाकणे नव्हे. ३ जानेवारी १९९३ रोजी ह्यूस्टन ऑइलर्स संघ बफेलोविरुद्ध ३५-३ असा आघाडीवर होता. केली जायबंदी असल्याने राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राईक खेळत होता. त्याने सामना फिरवला आणि बफेलोने जादा वेळेत ४१-३८ असा विजय खेचून आणला. ह्यूस्टनच्या व्यवस्थापनाने लगोलग बचावाचे प्रशिक्षक जिम एडी यांना नारळ दिला. बचाव कोसळला हे खरेच. पण पस्तीस गुण करून थंडावलेले आक्रमण? हातात आलेला सामना संपवू न शकलेले बाकीचे? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणता येणार नाही. पण एकाला घालवले की उरलेल्यांना आरशात पाहावे लागत नाही, हेही तितकेच खरे.

एका यार्डावरून

दोष कसा घ्यावा आणि कसा देऊ नये, या दोन्हींचा धडा १ फेब्रुवारी २०१५च्या सुपर बोलने दिला. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. सिअ‍ॅटलचा संघ विजयापासून अवघ्या एका यार्डावर. संघात मार्शॉन लिंचसारखा बैलाच्या ताकदीचा धावपटू. त्याच्या हाती चेंडू द्यावा, असे साऱ्या देशाला वाटत असताना क्वार्टरबॅक रसेल विल्सनने चेंडू फेकला आणि पॅट्रियट्सच्या माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने मध्येच झेप घालून तो पकडला.

सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी निर्णयाची जबाबदारी सरळ स्वतःवर घेतली. विल्सननेही चेंडू आपण फेकला, तेव्हा चूक आपली, अशी भूमिका घेतली. आक्रमणाचे सहायक प्रशिक्षक डॅरेल बेव्हेल यांनी मात्र झेलायला गेलेल्या रिकार्डो लॉकेटने चेंडूसाठी अधिक जोर लावायला हवा होता, असे बोलून दाखवले. त्या एका वाक्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली.

खरे तर याही सामन्यात चौथ्या सत्रात सिअ‍ॅटल २४-१४ असे दहा गुणांनी पुढे होते. ती आघाडी बचावफळीने गमावली होती. आणि त्या फळीतला जेरेमी लेन पहिल्याच सत्रात हात मोडून बाहेर गेला होता. बटलरने तर हीच चाल सरावात आधी पाहिली होती आणि तेव्हा तो फसलाही होता. एका यार्डाच्या मागे एवढा मोठा प्रवास उभा असतो.

चौकातली गर्दी

टॅम्पाच्या पराभवानंतर नॉरवुड खोलीत लपून बसला नाही. पत्रकारांच्या घोळक्यात उभा राहून तो एकेका प्रश्नाला शांतपणे उत्तर देत राहिला. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या नायगारा चौकात संघाच्या स्वागताला हजारो माणसे थंडीत जमली. नॉरवुड मागे उभा होता. आणि अचानक गर्दीतून स्कॉटच्या नावाचा घोष सुरू झाला. टोमणा नव्हता तो! लोकांना त्याला पुढे आलेले पाहायचे होते. डबडबलेल्या डोळ्यांनी तो पुढे आला आणि एवढे प्रेम आपल्याला कधीच जाणवले नव्हते, असे त्याने सांगितले.

पुढच्या मोसमात सुपर बोलच्या उंबरठ्यावर बफेलोने डेन्व्हरला १०-७ असे हरवले. फरक फक्त तीन गुणांचा. ४४ यार्डांवरून मारलेल्या एका लाथेने ते तीन गुण मिळवून दिले होते स्कॉट नॉरवुडने! सुपर बोलची दुसरी वारी त्या तीन गुणांवर झाली. पण हे फारसे कुणाला आठवत नाही. त्या मोसमानंतर संघाने दुसरा किकर घेतला. नॉरवुड व्हर्जिनियात परतला आणि विमा, घरांची खरेदी-विक्री अशा कामांत रमला. लेव्ही, केली, थॉमस, स्मिथ हे सारे पुढे या खेळाच्या मानाच्या दालनात विराजमान झाले. चार पराभवांनी त्यांचे मोठेपण उणे झाले नाही.

घरातही एखादा सामना आपण हरतोच. मुलाचा दहावीचा निकाल बिघडतो, धंदा बसतो, ठरलेले लग्न मोडते. शेवटचा चेंडू ज्याच्या हातून सुटला, त्याच्याकडे मग सगळे बघतात. अशा वेळी साठ मिनिटांचा हिशेब दार लावून, घरातल्या घरात, सगळ्यांनी बसून मांडावा. आणि चौकात गेल्यावर मात्र त्याच्याच नावाचा घोष करावा.