छंद आणि खर्चाची मर्यादा

गरजेची वस्तू घेताना तिच्या कामावरून किमतीची मर्यादा ठरते. छंदाच्या वस्तूला अशी मर्यादा आपोआप पडत नाही. सायकलीचेच पाहा. दुकानात काही हजार रुपयांच्या सायकलीशेजारी लाखांच्या घरातील सायकल उभी असते. मग बेताच्या मिळकतीच्या माणसाने या छंदावर किती खर्च करावा?

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. खर्च वाढतो त्या प्रमाणात उपयोग वाढत नाही. सुरुवातीच्या पैशांतून शरीराच्या मापाचा सांगाडा, खात्रीचे ब्रेक, चांगले टायर आणि हेल्मेट मिळते. यांत काटकसर केल्यास गुडघे व पाठ दुखतात, प्रसंगी अपघातही ओढवतो. त्यापुढील प्रत्येक रुपयाचे फळ मात्र घटत जाते. समजा, स्वाराचे वजन ६५ किलो व सायकलीचे १० किलो आहे. सायकल एक किलोने हलकी केली, तरी एकूण भार सुमारे १.३ टक्केच कमी होतो. तासाभराचा चढ त्यामुळे जेमतेम पाऊण मिनिट आधी संपेल. सपाट रस्त्यावर वेग वाढला की मुख्य अडथळा हवेचा असतो आणि तो बहुतांशी स्वाराच्या शरीरामुळे निर्माण होतो.

शर्यतींच्या इतिहासातही याचा दाखला सापडतो. बेल्जियमच्या एडी मर्क्स याने १९७२ साली एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन याने १९९६ साली खास बनावटीच्या सायकलीवर, हात पुढे ताणून, ५६.३७५ किलोमीटर गाठले. पुढे मर्क्सच्या वेळेसारखीच सायकल व बैठक सक्तीची झाली, तेव्हा २००० साली त्याच बोर्डमनला मर्क्सपेक्षा केवळ १० मीटर अधिक जाता आले. साधनाने फरक पडतो, हे खरे; पण त्यातही शरीराच्या ठेवणीचा वाटा मोठा असतो, आणि विक्रम हे काही छंदाचे प्रयोजन नव्हे.

म्हणून खर्चाचा हिशेब किमतीवरून न करता वापरावरून करावा. ३०,००० रुपयांची सायकल पाच वर्षांत १५,००० किलोमीटर चालली, तर तिची किंमत किलोमीटरमागे दोन रुपये पडते. ८,००० रुपयांची सायकल २०० किलोमीटर चालून अडगळीत पडली, तर तोच आकडा चाळीस रुपये होतो. या अर्थाने स्वस्त सायकलच महाग ठरते.

नवशिक्याने आधी साध्या, प्रसंगी जुन्या सायकलीवर काही महिने नियमाने फिरावे. कशाची उणीव भासते, हे रस्ताच शिकवतो. पुढील खर्च त्या उणिवेपुरता करावा. देखभालीसाठी थोडी रक्कम राखून ठेवावी, कारण झिजलेली साखळी वेळीच बदलली नाही, तर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते. घरखर्च व बचत यांना हात न लावता जे उरेल, तीच छंदाची खरी मर्यादा होय. कर्ज काढून घेतलेल्या सायकलीवर विरंगुळ्यापेक्षा हप्त्याची काळजीच अधिक स्वार होते.