पाच दिवसांचे पुस्तक

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगड गावी 1899 साली जन्मलेल्या साने गुरुजींनी, सरकारच्या अवकृपेने नाशिकच्या तुरुंगात असताना, 1933 च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत ज्या पुस्तकाचा बहुतेक मजकूर लिहून काढला, त्या ‘श्यामची आई’चे पुढे काय होईल, याचा अदमास खुद्द लेखकासही नसावा. कोकणातल्या दरिद्री घरातील आठवणी त्या. स्नानानंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या पोरासाठी आई आपले लुगडे धोंड्यावर पसरते, एवढाच एका प्रसंगाचा ऐवज. मातृऋणाची फेड एवढाच ज्याचा हेतू, त्या लेखनाने घरोघर वाचकांचे डोळे पाणावले. रचनाकौशल्याचा विचार करण्यास सवडच नव्हती, हेच कदाचित पथ्यावर पडले असावे. त्याहून नवल असे, की विडंबनकार म्हणून गाजलेल्या आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या 1953 च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. गुरुजी मात्र 1950 मध्येच निवर्तले होते.